फ्लॅट दोघांचा, आता हप्ता कोण भरणार?

प्रश्न: ताई, मी 36 वर्षांची आहे, पिंपरीत नोकरी करते, हातात 52 हजार येतात. फ्लॅट आणि होमलोन दोन्ही आमच्या दोघांच्या नावावर. 32 लाख बाकी आहेत, अजून 15 वर्षं, साडेआठ टक्के व्याज, हप्ता 31,500. आजवर निम्मे निम्मे भरत होतो, मी माझा वाटा ह्यांच्या खात्यावर टाकायचे आणि हप्ता तिथूनच कटायचा. आता हे नाशिकला वेगळे राहतात, परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरतंय, मुलगी माझ्याजवळ आहे. ते म्हणतात तीन महिने हप्ता थांबवू, कोरोनात बँकांनी दिलंच होतं, निकाल लागला की बघू कोणी भरायचं ते. मला फ्लॅट ठेवायचाय. काय करू?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: ताई, आधी ते कोरोनाचं डोक्यातून काढा. ती सवलत रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिने द्यायची परवानगी दिली होती म्हणून मिळाली, आज तसं सरसकट काही नाही. आज हप्त्यात सूट हवी तर बँकेला लेखी कारण द्यायचं, सही दोघांची लागणार, आणि बँकेने कर्जाची फेररचना केली तर ती सिबिलमध्येही, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसते.

आणि समजा मिळालीच सूट, तरी व्याज थोडंच थांबतं? तुमच्या 32 लाखांवर महिन्याला साधारण 22,667 रुपये व्याज चढतं, तीन महिन्यांत 68 हजारांच्या वर, ते मुद्दलात जाऊन बसतं, आणि पुढे हप्ता तोच ठेवला तर 180 ऐवजी 188 हप्ते भरावे लागतात. म्हणजे तीन हप्ते टाळले आणि शेवटी आठ वाढले, अडीच लाख गेले. हा हिशोब कागदावर मांडून ह्यांना पाठवा, कदाचित पटेल.

न विचारता हप्ता बंद केला तर मात्र फार वाईट. थकबाकी 90 दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर बँक घराचा ताबा घ्यायची कारवाई सुरू करू शकते. सिबिल दोघांचंही बिघडतं. तुम्ही म्हणाल मी माझे निम्मे देतेय ना, पण बँकेच्या लेखी निम्मं असं काही नसतंच, दोघंही पूर्ण रकमेला बांधील, ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून ती घेते.

हे मी बँकेच्या कर्ज विभागात बसून पाहिलंय. एक बाई स्कूटरसाठी कर्ज मागायला आल्या होत्या, घटस्फोट होऊन चार वर्षं झालेली. पिशवीतून कोर्टाचा हुकूम काढून माझ्या टेबलावर ठेवला, त्यात स्पष्ट लिहिलेलं की होमलोन नवऱ्याने फेडायचं. त्याने भरलं नव्हतं, आणि कर्जावर बाईंचं नाव तसंच होतं. अर्ज नामंजूर झाला. हुकूम खरा होता हो, पण तो त्या दोघांमधला, बँकेशी केलेला करार त्याने बदलत नाही. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

फ्लॅट ठेवायचाय ना, मग सूट मागू नका, कर्ज एकटीच्या नावावर करून मागा. बँक तुमचा एकटीचा पगार बघेल, हप्ता पगाराच्या निम्म्यात बसतो का हे साधारण पाहतात. मुदत साठीपर्यंत म्हणजे 24 वर्षं नेली तर हप्ता 26 हजारांच्या आसपास येतो, काठावर बसतं. नाहीच बसलं तर भाऊ किंवा वडील को-ॲप्लिकंट (सहअर्जदार) होतील का विचारा. एकूण व्याज वाढेल हे खरं, पण फ्लोटिंग म्हणजे बदलत्या रेटच्या होमलोनवर आधी पैसे भरले तर दंड नसतो, बोनस आला की मुद्दलात टाका.

ह्यांचा हिस्सा तुमच्या नावावर करायचं काम मात्र निकालाच्या आधी उरका. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलं तर स्टॅम्प ड्युटी 200 रुपये (बाकीचे अधिभार वेगळे), पण त्यासाठी तुम्ही दोघं कागदोपत्री नवरा-बायको असायला हवं. आणि हिश्शाचे पैसे देणार असाल तर ते बक्षीस होत नाही, मग हिशोब वेगळा. घर गहाण असल्याने बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आधी लागेल. कोर्टात देणार त्या कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या अटींत) तारखेसकट लिहून घ्या की कर्ज कोण घेणार, तोवरचे हप्ते कोण किती भरणार, बँकेच्या कागदांवर सह्या कधी करणार. घटस्फोटाच्या पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये म्हटलंय की कोर्ट ते माफही करू शकतं, त्यामुळे वेळ भरपूर आहे असं धरून बसू नका. मसुदा वकिलांकडून तपासून घ्याच.

आणि ह्यांच्या खात्यावर पैसे टाकणं आता बंद करा. शाखेत जाऊन लोन खात्याचा नंबर घ्या, तुमचा वाटा तुमच्या खात्यातून थेट तिथे भरा, रिमार्कमध्ये ईएमआय आणि महिना लिहा. पण नॅच, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, अजून ह्यांच्याच खात्यावर आहे, तर किती भरलं ते ईमेलने कळवा आणि तारखेच्या आदल्या दिवशी बाकीच्या रकमेचं काय ते विचारा. नाही म्हणाले तर हा महिना तरी पूर्ण हप्ता तुम्ही भरा, पावती जपून ठेवा, वाटणीच्या वेळी तीच दाखवायचीय. बँकेत जायला घाबरू नका, थकबाकी नसताना आलेल्या माणसाचं तिथे नीट ऐकतात.