‘ताई, मला नको इंजिनिअरिंग’ म्हणाली आणि फोन उचलणं बंद केलं

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक मैत्रीण पुण्यात आयटीत आहे, शनिवार-रविवार हडपसरकडच्या एका वस्तीत ग्रुपसोबत दहावी-बारावीच्या मुलांना शिकवते. तिथली एक मुलगी हुशार, दहावीला ८९ टक्के, आता बारावी सायन्सला. हिने तिला गणित शिकवलं, सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासची फीसुद्धा स्वतः भरली. मुलीचे वडील रिक्षा चालवायचे, दिवाळीच्या आधी अपघातात पाय मोडला, तेव्हापासून घरीच आहेत. आई चार घरची धुणीभांडी करते, धाकटा भाऊ दहावीला. आता मुलगी म्हणते, मी मॉलला लागते. हिने चिडून "तुझ्यासाठी एवढं केलं ते यासाठी का?" असं ऐकवलं. तिला पुन्हा मोटिव्हेट कसं करू की आता नाद सोडू, असा प्रश्न आहे.

अगं, नाद कसला सोडतेस? आणि मोटिव्हेशन कमी पडलंय असं मला तुझ्या पत्रात कुठेच दिसलं नाही. मला दिसला तो मोडलेला पाय आणि बंद पडलेली रिक्षा, ते तू एका ओळीत उरकलंस आणि पुढे दोन पानं तिला किती मार्क पडतायत ते लिहिलंस. घरात येणारा पैसा निम्म्यावर आला की सतरा-अठरा वर्षांची मोठी मुलगी काय करेल? जे तिच्या हातात आहे ते करेल. तिने घरचा हिशोब केलाय आणि तो बरोबर केलाय, फक्त त्यात काही आकडे तिला माहीतच नाहीत, आणि ते तिला सांगणं हे तुझं काम आहे.

पण त्याआधी ते वाक्य मागे घे. फोन उचलत नाही तर व्हॉइस मेसेज टाक, "मी तसं बोलायला नको होतं, क्लासची फी मी दिली होती ती दिली, तिचा विचार करू नकोस" एवढंच. त्यात सीईटी नाही, अभ्यास नाही, काही नाही. वस्तीतल्या पोरांना शिकवणाऱ्या कितीतरी चांगल्या माणसांचं इथेच बिनसतं बघ, आपण पैसे देतो, वेळ देतो आणि नकळत त्या मुलीने आपल्याला हवं तसंच व्हावं असं वाटायला लागतं. तिला ते कळतं, आणि मग नाही म्हणायचीही लाज वाटते म्हणून ती फोन उचलत नाही. रागाने नाही उचलत असं समजू नकोस.

मग तिच्या घरी जा, आणि बोलायचं ते मुख्यतः आईशी. महिन्याला किती कमी पडतायत, भाडं किती, डॉक्टर काय म्हणतात, रिक्षा परत कधी चालू होईल, हप्ता आहे का, सगळं विचार. अवघड वाटेल पण विचार. कारण तीन महिन्यांची अडचण असेल तर एक उपाय आणि वडील कायमचेच घरी बसणार असतील तर वेगळा. तुमच्या ग्रुपमध्ये पैसे जमत असतील तर माझं स्पष्ट मत सांगते, क्लासच्या आधी घरभाडं. बारावी होईपर्यंतचं भाडं निघालं तर ती मुलगी कुठल्याही क्लासपेक्षा जास्त अभ्यास करेल. तसंही सीईटीत ८० टक्के वेटेज बारावीच्याच सिलॅबसला आहे आणि गणित तर तूच शिकवतेस.

आता ते आकडे. तू लिहिलंयस की कुटुंब ओबीसी आहे, मूळ गाव तुळजापूर तालुक्यात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरातल्या मुलींना प्रोफेशनल कोर्ससाठी ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, हा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. आधी ओबीसींना निम्मीच सवलत होती आणि वस्तीत अजून तेच डोक्यात असतं, इंजिनिअरिंग म्हणजे लाखभर रुपये असं धरूनच लोक बोलतात. अट ही की ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवी, मॅनेजमेंट कोट्याला हे चालत नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरायचा. मात्र बसपास, लॅपटॉप, वह्या-जर्नल हे आहेच, ते आईपासून लपवू नकोस, सगळं फुकट आहे म्हणून सांगितलंस आणि पहिल्याच महिन्यात पाच हजार लागले तर तुझ्यावरचा विश्वास गेला.

खरी अडचण कागदांची आहे, आणि तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. तिची जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, झालीय का? नॉन क्रीमीलेअर, म्हणजे घर क्रीमीलेअरमध्ये, सवलत न मिळणाऱ्या सधन गटात, येत नसल्याचा दाखला, आहे का? या घरांत जातीचा दाखलाच कधीकधी नसतो, व्हॅलिडिटी तर लांबची गोष्ट. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी ते कुटुंब कुठे राहत होतं याचा पुरावा लागतो, म्हणजे दाखला पुण्याचा नाही तर मूळ गावाकडच्या कचेरीतून निघतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा शाळेचा दाखला शोधा, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद बघा, जमिनीचे जुने कागद बघा. वडिलांकडच्या कुणाला, काकाला, आत्याला, चुलत भावाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं, हा पहिला प्रश्न वडिलांनाच विचार. पायाने अडलेत, डोक्याने नाही, गावाकडे फोन लावायचं काम त्यांना दे. घरात बसून बसून त्या माणसाचं काय होत असेल! पडताळणीचा अर्ज बारावीतच ज्युनिअर कॉलेजच्या पत्राने करता येतो, जूनपर्यंत थांबू नका. व्हॅलिडिटीला मुदतवाढ मिळते म्हणून सगळे सांगतील, त्या मुदतवाढीवर विसंबून राहू नकोस.

तुझ्या ऑफिसातल्या सिनिअर मॅडमना आणून भाषण द्यायचा विचार आहे म्हणतेस, नको. त्यापेक्षा त्याच वस्तीतली किंवा शेजारच्या वस्तीतली कॉलेजला गेलेली एखादी मुलगी शोध, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून गेलं तेव्हा काय केलं, डबा कुठे खाल्ला, रात्री लॅब सुटल्यावर घरी कशी आली, हे तीच सांगू शकते. तू नाही आणि मीही नाही.

मॉलच्या नोकरीला नावं ठेवू नकोस. त्या कामावर कितीतरी घरं चालतात. तिला एवढंच विचार की आत्ताच लागायचंय की सीईटी झाल्यावर? कारण सीईटी संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत मधे दोन-तीन महिने मिळतात, तेव्हा तिने पूर्णवेळ काम केलं तर लॅपटॉपचे पैसे तिचे तीच उभे करेल आणि घरालाही हातभार लागेल.

आणि एवढं सगळं ऐकूनही ती म्हणाली की मला आत्ताच लागायचंय, तर ऐक तिचं. फक्त बारावीचे पेपर तिने द्यायचे, कामावरून सुट्टी घेऊन द्यायचे, यावर ठाम राहा. इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, ४५ टक्के लागतात आणि राखीव गटाला ४०, ते तिला अवघड नाही. सीईटी पुढच्या वर्षीही देता येते. बारावी सायन्सवर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, तिथून पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात. हे तिला आत्ता नीट कागदावर लिहून दे. व्हॅलिडिटीचं काम मात्र ती मॉलला लागली तरी थांबवायचं नाही, धाकट्या भावाला पुढे त्याच कागदाचा आधार होणार आहे.