क्लबचं कार्ड की दिवसाचं तिकीट? इंग्लंडमध्ये गळ टाकायला शिकताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉव्हेन्ट्रीला नव्याने आलात, मुलगा 11 वर्षांचा, दोघांनाही गळाने मासे पकडायला शिकायचंय. अँग्लिंग क्लबचं वर्षाचं सभासदत्व घ्यावं, की तिकीट काढून ‘कमर्शियल’ तळ्यावर बसावं? आणि मासा घरी आणता येतो का?

शेवटचं आधी. कार्प, टेंच, ब्रीम, रोच हे तिथले ‘कोर्स फिश’. ते पकडून परत सोडायचे, हा तिथला पक्का रिवाज. कायद्याने नदीतून दिवसाला 20 सेंटिमीटरपर्यंतचे 15 लहान मासे नेता येतात, पण पाण्याच्या मालकाची परवानगी लागते आणि क्लब ती सहसा देत नाहीत. पिशवीत मासा सापडला तर कार्ड जातं. कढईत घालायला हवा असेल तर सरळ ट्राउट फिशरी गाठा. तिथे रेनबो ट्राउट सोडलेला असतो आणि किती न्यायचे ते तिकिटावरच ठरलेलं असतं.

दोन्हीकडे एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं रॉड लायसन्स लागतंच. मुलाला 13 पूर्ण होईपर्यंत नको. पुढे 16 पर्यंत मोफत, पण काढावं लागतं. लायसन्स म्हणजे कुठेही बसायची परवानगी नाही. तिकीट किंवा कार्ड वेगळं. नवे लोक इथेच फसतात. लायसन्स नसेल तर दंड 2,500 पौंडांपर्यंत होऊ शकतो.

आता कमर्शियल. शेतात खणलेली तळी, बहुतेक चार ते सहा फूट खोल, काठाला आखून दिलेल्या बसायच्या जागा म्हणजे ‘पेग’, मधे एखादं बेट. आत पाण्याला झेपेल त्याहून कितीतरी जास्त मासा. मुख्यतः कार्प (आपल्याकडचे मत्स्यबीजवाले सायप्रिनस म्हणतात तोच) आणि ‘एफ-वन’, म्हणजे कार्प आणि त्याच्याच कुळातला क्रुशियन यांचा संकर. तो थंडीतही खातो आणि कार्पइतका वाढत नाही, म्हणून स्पर्धावाल्यांचा लाडका. एवढ्या माशांना तळ्यातले किडे-अळ्या पुरत नाहीत. ते गळवाल्यांनी टाकलेल्या पेलेटवर, म्हणजे माशांच्या खाद्याच्या गोळ्यांवर, जगतात आणि पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला की धावत येतात. पहिल्याच दिवशी नवख्याच्या गळाला दहा मासे लागतात ते भुकेपोटी. तरी मुलासाठी सुरुवात इथेच करा. मासा खेळवणं, जाळीत घेणं, गळ काढणं हे हाताला वळायला मासे लागावे लागतात, आणि नदी ते सुरुवातीला देत नाही.

सामान साधं ठेवा. 10 ते 11 फुटी फीडर रॉड, 8 पौंडी तंगूस, 24 ते 30 ग्रॅमचा चपटा मेथड फीडर, म्हणजे ज्यावर खाद्य दाबून भरतात ते वजन. पुढे 10 सेंटिमीटरचा, 0.17 ते 0.19 मिलिमीटर जाडीच्या तंगुसाचा तुकडा आणि 14 किंवा 16 नंबरचा बार्बलेस गळ, म्हणजे टोकाजवळ उलटा दात नसलेला. जवळपास सगळ्या कमर्शियलवर बार्बलेसच चालतो. गळाखाली केसासारख्या दोऱ्यावर रबरी बँड आणि त्यात 6 ते 8 मिलिमीटरचं कडक पेलेट.

खरं कसब फीडरवरच्या पेलेटमध्ये आहे. 2 मिलिमीटरचे मायक्रो पेलेट डब्यात घ्या, ते बुडतील इतकं तळ्याचंच पाणी घाला, दोन मिनिटांनी पूर्ण निथळून 20 मिनिटं झाकून ठेवा. मुठीत दाबलं की लाडू वळला पाहिजे, आणि तळाला गेल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत सुटला पाहिजे. पाणी जास्त झालं तर पिठाचा गोळा होऊन फीडरला चिकटून बसतो. कमी पडलं तर फेकतानाच हवेत उधळतो आणि तळाशी नुसतं वजन जातं. काठावरच्या उथळ पाण्यात एकदा बुडवून बघा, लगेच कळतं. पेलेट बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच दुकानातून घ्यावे लागतात, म्हणून घरून पोतं भरून नेऊ नका. मासा लागला की रॉडचं टोक एकदम वाकतं. झटका द्यायचा नाही, फीडरच्या वजनानेच गळ बसतो. फीडर तंगुसावर मोकळा सरकतोय ना, हे दर वेळी बघा. घट्ट बसवलेला असला आणि तंगूस तुटला, तर मासा ते ओझं घेऊन फिरत राहतो.

उन्हाळ्यात काय बिघडतं? रात्री शेवाळ आणि मासे दोघंही ऑक्सिजन खातात, आणि कोमट पाण्यात तो मुळातच कमी मावतो. पहाटे पातळी सगळ्यात खाली असते. सकाळी कार्प पृष्ठभागावर तोंड उघडून फिरताना दिसले तर गळ टाकू नका, मालकाला सांगा. असे मासे खेळवून सोडले तर पोहत जातात आणि नंतर मरतात. हिवाळ्यात उलट. पाणी पाचेक अंशांवर आलं की मासे एका पट्ट्यात गोळा होतात, मोजके पेग सोडले तर बाकीचे ओस. तेव्हा फीडरभर खाऊ घालणं बंद. एक-दोन मॅगट, म्हणजे माशीच्या पांढऱ्या अळ्या, पुरतात.

आणि तोंडं बघा. पुन्हापुन्हा गळ लागून ओठ फाटलेले, कडा झडलेल्या. मासा ठेवायला ओला मॅट, ओले हात आणि मासा जमिनीलगत, एवढं मुलाला पहिल्या दिवशीच शिकवा. दाटीच्या पाण्यात रोगही झपाट्याने पसरतो. कार्पला होणारा ‘कोई हर्पीस’ विषाणू पाणी 16 अंशांच्या वर गेलं की उफाळतो आणि तळंच्या तळं झोपवू शकतो. म्हणून कमर्शियलवाले जाळ्या जंतुनाशकात बुडवायला लावतात किंवा स्वतःच्याच देतात. एका पाण्यातला मासा दुसऱ्यात परवानगीशिवाय सोडणं तर गुन्हाच आहे.

क्लब ही दुसरीच चीज. अनेक छोट्या क्लबांची वर्षाची फी कमर्शियलच्या आठ-दहा तिकिटांत निघते, आणि त्यात नदीचे पट्टे, कालवे, एखाद-दोन जुनी तळी येतात. नद्या 15 मार्च ते 15 जून बंद, 16 जूनला उघडतात; बहुतेक कालवे वर्षभर चालू. तुमच्याजवळ कॉव्हेन्ट्री आणि ऑक्सफर्ड कालवे आहेत, वॉरिकशायरची एव्हन आहे. नदीवर 13 फुटी रॉड, छोटा स्टिक फ्लोट (पाण्यावर तरंगणारी काडी), 18 नंबरचा गळ, एक मॅगट. आधी वजन लावून खोली मोजा, फ्लोट प्रवाहात वाहू द्या आणि दर फेकीला 10-15 मॅगट वरच्या बाजूला टाका. जोरकस आणि संथ पाण्याची सीमा जिथे रेघेसारखी दिसते, तिथे मासा असतो. फीड थांबलं की मासे पांगतात. बहुतेकांचा दिवस इथेच फुकट जातो. बार्बल लागला (आपल्या महाशीरच्याच कुळातला) तर लगेच फेकू नका. संथ पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरा, स्वतःच्या जोरावर निसटेपर्यंत. घाईने सोडलेला बार्बल उलटा होऊन वाहत जातो.

‘नैसर्गिक पाणी’ म्हणून क्लबवाले नाक वर करतात, ते फार मनावर घेऊ नका. सेव्हर्नमधले प्रसिद्ध बार्बल 1956 मध्ये केनेट नदीतून आणून सोडलेले. शिवाय कित्येक क्लबांची तळी आज कमर्शियलसारखीच कार्पने भरलेली आहेत. कमिटीतली भांडणंही भरपूर.

तरीही पैसे क्लबलाच द्या असं मी म्हणेन, ते नदीमुळे. मासेमारीचा हक्क ज्याच्याकडे, त्याला प्रदूषणाविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो. डर्बीच्या एका अँग्लिंग असोसिएशनने एका जमीनदाराबरोबर डरवेंट नदीसाठी ब्रिटिश सेलनीज ही कृत्रिम धाग्याची कंपनी, डर्बीची नगरपालिका आणि वीज प्राधिकरण यांना कोर्टात खेचलं. गरम पाणी आणि मैला नदीत सोडला जात होता. 1953 मध्ये अपील कोर्टाने मनाईहुकूम कायम ठेवला. आज असे दावे क्लबांच्या वतीने फिश लीगल ही संस्था लढवते. कमर्शियलच्या तिकिटाचे पैसे त्या तळ्यापुरतेच राहतात. सभासद कमी झाले की क्लब पहिल्यांदा सोडतो तो नदीचा पट्टा, कारण भाडं त्याचंच जास्त आणि बसणारे कमी.

तेव्हा या उन्हाळ्यात चार-पाच शनिवार कमर्शियल, आणि शरदात क्लब. कार्ड घेण्याआधी स्थानिक टॅकलच्या, म्हणजे गळाच्या सामानाच्या, दुकानात विचारा: नदी किती मैल, पार्किंगपासून पेग किती दूर, मुलाचं कार्ड वेगळं लागतं का, साफसफाईचा ‘वर्क पार्टी’चा दिवस कधी. त्या दिवशी जाच. कुठल्या वळणावर मासा बसतो, हे नकाशात नसतं, फांद्या तोडताना सांगतात. आणि दोन पाण्यांमध्ये जाळी पूर्ण वाळवा. परकी ‘किलर श्रिंप’ कोळंबी 2010 मध्ये ग्राफम वॉटर या जलाशयात सापडली, तेव्हापासून ओली जाळी बघून बेलिफ, म्हणजे पाण्याचा राखणदार, परत पाठवतो अशीही ठिकाणं आहेत.