चालणारा नायक उंच कसा करायचा

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. नायक साडेपाच फुटांचा, नायिका त्याच्यापेक्षा तीन इंच उंच, दिग्दर्शकाला ते पडद्यावर दिसायला नको, आणि ही जबाबदारी कॅमेरा विभागातल्या सगळ्यात नव्या माणसाच्या, म्हणजे तुझ्या गळ्यात. घाबरू नकोस. उभ्या माणसाला उंच करणं हे निम्मं सुतारकाम आहे. तो चालायला लागला की खरी पंचाईत होते.

उभ्याचं आधी उरकून टाकू. अ‍ॅपल बॉक्स, म्हणजे सेटवरचे ते लाकडी खोके, तू पाहिलेच असशील. पूर्ण खोका ८ इंचांचा, अर्धा ४, पाव २ आणि पॅनकेक १ इंचाचा. फरक ३ इंचांचा म्हणून ३ इंच चढवलेस तर दोघं फक्त बरोबरीला येतील. दिग्दर्शकाला तो वर हवा असतो. अर्ध्यावर पॅनकेक ठेव. वर सतरंजीचा तुकडा टाक, नाहीतर नटाने पाय हलवला की पोकळ खोका ढब्बकन वाजतो आणि साउंडवाला आपल्या नावाने शंख करतो. चौकट कमरेवर कापली की काम झालं. बसलेल्याचं तर आणखी सोपं. ‘कॅसाब्लँका’त (१९४२) इन्ग्रिड बर्गमन हम्फ्री बोगार्टपेक्षा किंचित उंच होती. त्याला उंच टाचांचे बूट घातले, बसताना खाली उशा सरकवल्या. गंमत म्हणजे त्याच चित्रपटाच्या शेवटी विमानतळावरचं विमान लहान आकाराचं, नकली होतं. ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याभोवती ठेंगण्या माणसांना मेकॅनिक बनवून उभं केलं आणि वर धुकं सोडलं. माणूस किती उंच दिसतो ते शेजारी काय ठेवलंय यावर ठरतं, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. पॅरामाउंट स्टुडिओने आपला नट अ‍ॅलन लॅड याच्या बाबतीत हीच युक्ती पात्रनिवडीत वापरली. लॅड साडेपाच फुटांच्या आसपास, आणि त्याच्यासमोर वेरोनिका लेक, पाच फूटही नसलेली. जोडी जमली, गाजली, आणि खोक्यांचा खर्च वाचला.

पण खोक्याला कडा असते. नट एक पाऊल पुढे टाकतो आणि खाली उतरतो.

हिचकॉकपुढे हीच अडचण ‘नोटोरिअस’मध्ये (१९४६) आली. क्लॉड रेन्स बर्गमनपेक्षा बराच बुटका. जवळच्या शॉटमध्ये त्याला खोक्यावर उभं केलं. पण एका शॉटमध्ये दोघं लांबून चालत येतात आणि कॅमेरा त्याच्यावरून तिच्याकडे वळतो. जमिनीवर खोके दिसले असते. तेव्हा हिचकॉकने कॅमेऱ्याच्या दिशेने हळूहळू चढत जाणारी फळी टाकली. रेन्स चालत येत गेला आणि येता येता उंच होत गेला! फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हिचकॉकने हे सांगितलं आहे. मला विचारशील तर रेन्स बुटकाच दिसला असता तरी कथेचं काही बिघडलं नसतं. आईच्या धाकातला, बायकोवर भाळलेला आणि तिच्याकडूनच फसवला जाणारा माणूस आहे तो. पण फळीची कल्पना मात्र लाखमोलाची.

याच्या उलट उपाय अ‍ॅलन लॅडच्याच ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’मध्ये (१९५७) झाला. चित्रीकरण ग्रीसमध्ये, नायिका सोफिया लोरेन, पुन्हा नायकापेक्षा उंच. समुद्रकिनाऱ्यावर दोघं बरोबर चालतात त्या शॉटसाठी वाळूत चर खणला आणि तिला त्यातून चालवलं. चौकटीत पाय नाहीत, त्यामुळे पडद्यावर काही कळत नाही. वाळूत फळी टाकायची तर वाळूवरची चालच हरवते, हे मला मान्य. तरीही मला तो चर आवडत नाही. उंची नायकाची कमी आणि खड्ड्यात नायिका!

आता तू लिहिलेला, वाड्याच्या ओसरीवर दोघं चालत येतात तो शॉट. तिथे ना फळी बसेल ना चर. लेन्सकडून काम करून घे. लेन्सच्या पातळीपेक्षा वर असलेली वस्तू कॅमेऱ्याजवळ आणली की चौकटीत आणखी वर चढते. खाली असलेली आणखी खाली जाते. कॅमेरा नायकाच्या डोक्यापेक्षा वर ठेवून त्याला पुढे आणलंस, तर बिचारा अजूनच खुजा दिसेल. नवशिके इथेच फसतात. लेन्स साडेतीन फुटांवर घे. नायिका कॅमेऱ्यापासून १० फुटांवर, नायक तिच्या २ फूट पुढे, म्हणजे ८ फुटांवर. त्याचं डोकं लेन्सच्या २ फूट वर आहे; ते तिच्या रांगेतल्या अडीच फुटांएवढं दिसेल. साडेपाच फुटांचा नायक सहा फुटांचा झाला, एकही खोका न लावता. मात्र कॅमेरा मागे सरकताना ही अंतरं राखायला हवीत. नायिका २० फुटांवर गेली आणि दोघांमधलं अंतर दोनच फूट राहिलं, तर फायदा तीन इंचांच्याही आत येतो आणि जेमतेम बरोबरी होते. ट्रॉली ढकलणाऱ्याला हे नीट समजावून सांग, नुसतं ‘हळू घे’ म्हणून भागणार नाही. लेन्स खाली गेली की ओसरीचं छत चौकटीत येतं, तेव्हा वर लाइट टांगू नका असं आधीच सांगून ठेव.

नजरांकडे लक्ष दे. नायक पुढे असल्यामुळे तिच्याकडे बघायला तो मान मागे वळवेल आणि चोरी पकडली जाईल. त्याला तिच्याऐवजी शेजारच्या खांबाकडे बघायला सांग, तिला त्याच्या कानाकडे.

आणि हो, सेटवर ‘हिरोसाठी पाट आणा रे’ असं ओरडायचं नाही. खोका नट यायच्या आधी जागेवर हवा. नायिकेला मात्र काय करतोय ते स्पष्ट सांग, सपाट चपला घालशील का म्हणून विचार. बहुतेक जणी हो म्हणतात. कपडेपटात आजच जा. नायकाच्या बुटात टाच चढवणार असशील तर विजारीची दुमड तेवढी उसवून लांब करावी लागते, आणि ते काम शूटिंगच्या सकाळी कोणी करून देत नाही.

कळावे.
तुझा,
एक जुना कॅमेरावाला