गणपतीच्या रजा आणि एंगेजमेंट

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

टीम लीड झालीस हे वाचून आनंद झाला. पेढे बाकी आहेत, विसरू नकोस.

कंपनीला ‘ग्रेट प्लेस टू वर्क’चं प्रमाणपत्र हवंय आणि एचआरने प्रत्येक टीमकडून एंगेजमेंटचे, म्हणजे माणसांचं कामात मन लागावं यासाठीचे, उपक्रम मागवलेत, असं लिहिलंयस. बॉक्स क्रिकेट, पारंपरिक वेशाचा दिवस, पिझ्झा... खुशाल कर. फोटो छान येतात. पण ते प्रमाणपत्र बऱ्याच अंशी माणसांनी गुपचूप भरलेल्या सर्व्हेवर ठरतं, आणि फॉर्म भरताना कुणाला पिझ्झा आठवत नाही, वरिष्ठ आठवतो. गॅलप या सर्वेक्षण संस्थेने मांडलंय की टीमटीममध्ये एंगेजमेंटचा जो फरक दिसतो, त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरमुळे पडतो. म्हणजे तुझ्यामुळे.

तेव्हा आधी रजांचं बघ. तुझ्या टीममध्ये निम्मे कोकणातले. गणपती कधी आहेत हे कालनिर्णयमध्ये आधीच छापलेलं असतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं, सकाळी ८ ला, आणि बघता बघता वेटिंग लागतं. रजेच्या अर्जावर ‘बघू’ म्हणणारा बॉस त्या माणसाचं तिकीट घालवतो. मग ऐन चतुर्थीला ‘ताप आलाय’ असा मेसेज येतो आणि आपण निष्ठेवर भाषण देतो! आरक्षण सुटायच्या आधीच सगळ्यांना बसव, गेल्या वर्षी कोण गेलं होतं ते समोर ठेव आणि ठरवून टाक. ज्याला ‘नाही’ म्हणायचं त्याला तोंडावर सांग, कारणासकट, आणि दिवाळीचा शब्द दे. दिलास की पाळ. वसईच्या सहकाऱ्याचा नाताळ आणि बिहारच्या मुलाची छठही त्याच यादीत हवी. त्यांना मागायची वेळ येऊ देऊ नकोस.

दुसरं, कौतुक. ताज हॉटेल समूहाने २००१ मध्ये ‘स्टार्स’ नावाची योजना आणली. पाहुण्यांनी किंवा सहकाऱ्यांनी केलेल्या कौतुकाचे गुण मिळायचे, आणि त्यावरचा निर्णय ४८ तासांच्या आत द्यायचा असा दंडक होता. २६/११ ला ताजच्या कर्मचाऱ्यांनी जिवावर उदार होऊन पाहुण्यांना बाहेर काढलं. ते या योजनेमुळे घडलं असं मी म्हणणार नाही, माणुसकी गुणांवर मोजता येत नाही. पण ४८ तासांची गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. मार्चच्या अप्रेझलमध्ये जुलैच्या कामाचं कौतुक केलंस, तर समोरच्याला स्वतःलाच आठवत नसतं.

पगारवाढ तुझ्या हातात नाही, हे खरंय. तसं स्पष्ट सांग. ‘वर बोललोय’ची थाप मारू नकोस. मुंबईत कर्जत-विरारहून लटकत येणाऱ्या माणसाला थाप लगेच कळते.

सर्व्हेचा निकाल आला की टीमसमोर उघड. कुणी काय लिहिलं याचा शोध अजिबात घ्यायचा नाही. एका महिन्यात सुधारता येईल अशी एक तक्रार निवड, मग ती डबा गरम करायला एकच मायक्रोवेव्ह असल्याची का असेना, आणि धसास लाव. मोठ्या तक्रारी वर लेखी पाठव, आणि काय उत्तर आलं तेही टीमला सांग.

शनिवारी दादरला आलीस तर घरी ये. रजांचा तक्ता घेऊन ये, एकत्र बसून बघू.

तुझा,
काका