वाचकांचे प्रश्न : चढाला धापा टाकणारी ई-सायकल

प्रश्न : सर, आमचं घर राजहंसगडाच्या चढाला आहे. धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला जातो. सकाळी उतार म्हणून काही वाटत नाही, पण संध्याकाळी येताना कॅरियरला पेंड नाहीतर किराण्याचं ओझं असतंय आणि तो चढ मारताना जीव जातोय त्याचा. म्हणून जुन्या २६ इंची गिअरच्या सायकलीला पुढच्या चाकात ३६ व्होल्ट २५० वॅटची हब मोटर बसवून घेतली. सपाटीला मस्त पळते, पण चढाला निम्म्यावर मोटर इतकी तापते की हात लावता येत नाही, आणि मग गपकन बंद. दुकानदार म्हणतोय ४८ व्होल्टची बॅटरी टाका नाहीतर हजार वॅटची मोटर घ्या. तेवढे पैसे नाहीत आमच्याकडं. कमी खर्चात चढ मारणारी सायकल होईल का?
(एक वाचक, येळ्ळूर परिसर)

उत्तर : होईल की. आणि हजार वॅटची मोटर आत्ता घेऊ नका, तुमची अडचण वॅटची नाहीच आहे, गिअरची आहे.

आधी चढ किती आहे ते मोजा, अंदाजानं बोलायला नको. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या आणि गवंड्याकडची पाणसळ. चढाच्या सगळ्यात उभ्या टप्प्यावर पट्टी रस्त्याच्या लांबीत ठेवायची, वरचं टोक रस्त्याला टेकवून खालचं टोक उचलत जायचं, बुडबुडा मधोमध आला की थांबायचं आणि पट्टीचं खालचं टोक रस्त्यापासून किती वर आलं ते टेपनं मोजायचं. १० सेंटिमीटर आलं तर चढ १० टक्के. दोन-तीन ठिकाणी मोजा, रस्ता सगळीकडं सारखा नसतो.

आता १० टक्के धरून चाला. भाऊ ६५ किलो, बॅटरी-मोटरसकट सायकल २८, ओझं २२, म्हणजे झाले ११५ किलो. एवढं वजन १० टक्क्याच्या चढाला मागं ओढतंय ते साधारण साडेबारा किलोच्या जोरानं, टायरचं घर्षण धरून. ताशी १० किलोमीटरनं चढायचं तर सुमारे ३४० वॅट लागतात, आणि २०नं चढायचं म्हटलं तर त्याच्या दुप्पट. धडधाकट माणूस पेडल मारून ९०-१०० वॅट बराच वेळ देऊ शकतो, उरले अडीचशे. म्हणजे २५० वॅटची मोटर या चढाला पुरते, फक्त वेग १०च्या आसपास ठेवायला पाहिजे आणि मोटर तिच्या स्वतःच्या वेगानं फिरली पाहिजे.

इथंच तुमच्या हब मोटरची गोची होते. ती ताशी २५च्या वेगासाठी गुंडाळलेली असते आणि चाकातच बसलेली, त्यामुळं चाक हळू झालं की मोटरही हळू, तिला दुसरा गिअरच नाही. चढाला चाक रखडलं की ती करंट खेचत राहते, आणि करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या तारांच्या वेढ्यांतली, उष्णता चौपट होते. बॅटरीतली वीज चढायला कमी आणि मोटर भाजायला जास्त लागते. असंच चालवत राहिलात तर आतल्या नायलॉन गिअरचे दात जातील नाहीतर वार्निशचा वास येऊन वाइंडिंगच जळेल, म्हणून आजपासून मोटर गरम झाली की थ्रॉटल, म्हणजे मोटरची मूठ, सोडा आणि भावाला दोन मिनिटं उतरून ढकलू दे. ४८ व्होल्टनं वेग वाढतो हो, पण चढायची ताकद करंटवर ठरते, ती नुसत्या व्होल्टनं वाढत नाही. आणि पुढच्या चाकात मोटर असली की चढाला सगळा भार मागं जातो, खडीवर पुढचं चाक नुसतं गरगरतं, ते वेगळंच.

स्वस्तातला खरा उपाय म्हणजे मोटर सायकलीच्या स्वतःच्या गिअरमधून चालवायची. बाजारात ‘एमवाय १०१६ झेड’ म्हणून गिअरबॉक्सवाली ब्रशची मोटर मिळते, आपल्याकडं मुलं कॉलेजच्या प्रोजेक्टला हीच वापरतात. २४ आणि ३६ व्होल्ट दोन्हीत येते, तुम्ही ३६ची २५० वॅटवाली घ्या म्हणजे बॅटरी आहे तीच चालेल, कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट किती द्यायचा ते ठरवणारी डबी, मात्र ब्रशच्या मोटरचा वेगळा घ्यावा लागेल, तुमचा हबवाला चालणार नाही. तिच्या शाफ्टला ९ दाती स्प्रॉकेट असतं आणि लोडवर मिनिटाला सुमारे ३०० फेरे धरा. तुमच्या सायकलीला पुढं तीन प्लेटा असतील, बऱ्याच ठिकाणी २४-३४-४२ दात. मोटरची चेन बाहेरच्या ४२ला द्यायची, आणि मधल्या ३४वरून नेहमीची चेन मागं. म्हणजे क्रँक (पेडलची दांडी) मिनिटाला ६४ फेरे फिरते, पायाला बरोबर झेपतील असे. मागं २८ दातांवर टाकलं की वेग ताशी साडेनऊ-दहा, म्हणजे आपल्याला पाहिजे तेवढाच, आणि सपाटीला १४ दातांवर आणलं की १९. मोटर दोन्हीकडं सारख्याच फेऱ्यांत फिरते, म्हणून तापत नाही.

दोन गोष्टी मात्र सोडू नका. मोटरच्या बाजूला आणि पेडलच्या बाजूला, दोन्हीकडं फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेनं ओढणारं चक्र, पाहिजे. नाहीतर थ्रॉटल दिला की पेडल आपोआप फिरायला लागतात आणि पायाला मार बसतो, शिवाय बॅटरी संपल्यावर मोटर ओढत पेडल मारावं लागतं. आणि मोटरचा ब्रॅकेट ५ एमएमच्या पत्र्याचा, चेन ताणायला लांबट भोकं ठेवून, फ्रेमला क्लॅम्पनं आवळलेला असू दे. फ्रेमवर थेट वेल्डिंग करू नका, पातळ नळी तिथंच तडकते. भाऊ उद्यमबागेतच आहे म्हटल्यावर लेथवाला आणि वेल्डर शोधायला लांब जायला नको, कागदावर माप काढून दिलं की ब्रॅकेट आणि फ्रीव्हीलचे बुश तिथंच होतील, आणि मला विचाराल तर बेळगावात राहण्याचा हा केवढा मोठा फायदा आहे, एवढी हाताला कसब असलेली माणसं शेजारी असताना तयार महागडं किट कशाला मागवायचं.

बॅटरीत मात्र काटकसर करू नका. नवीन घ्यायची वेळ आलीच तर एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, घ्या, जड असते पण तापायला सोशिक आणि टिकते जास्त. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, २० अँपिअरचा बघा, कारण चढाला १५पर्यंत करंट जातो आणि लहान बीएमएस मध्येच तोडतो, तुमची सायकल गपकन बंद होते ते यामुळंसुद्धा असू शकेल. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक बनवून देणारे भेटतील, त्यांच्या नादाला लागू नका, घरात चार्जिंगला लावायची वस्तू आहे ती. किती चालेल म्हणाल तर ११५ किलो घेऊन १०० मीटर उंची चढायला नुकसान धरून साधारण ४५ वॅट-तास जातात, आणि ३६ व्होल्ट १० एएचच्या (अँपिअर-तासाच्या) बॅटरीत ३६० असतात. संध्याकाळचा चढ आरामात होतो.

एवढं सगळं आत्ता जमणार नसेल तर एक छोटी सोय सांगतो. हीच हब मोटर २० इंची रिममध्ये विणून घ्या. त्याच मोटरला चढाला जवळजवळ ३० टक्के जास्त ताकद मिळते आणि वेग साधारण २३ टक्क्यांनी कमी होतो. पण व्ही-ब्रेक त्या रिमपर्यंत पोचत नाही, ब्रेकची सोय आधी करा मगच हे.

प्रश्न : उतारावर मोटरनं बॅटरी चार्ज होते म्हणतात, खरं का? आणि लायसन्स लागतंय का?
(दुसरे एक वाचक, खानापूर)

उत्तर : गिअरच्या (आत दाती चक्रं असलेल्या) हब मोटरीत आणि वर सांगितलेल्या जोडणीत फ्रीव्हील असतं, उतारावर मोटर फिरतच नाही, तेव्हा चार्जिंगचा प्रश्नच नाही. बिनगिअरच्या हब मोटरीला जमतं, पण १०० मीटर उतरताना ११५ किलोची सगळी मिळून ऊर्जाच ३१ वॅट-तास, त्यातली बरीच हवेत आणि टायरमध्ये जाते, हाती लागतं ते थोडंच. तेवढ्यासाठी जड मोटर घेऊन रोज चढ चढू नका. त्यापेक्षा ते पैसे ब्रेकवर घाला. जांबोटीकडच्या पावसात ओल्या रिमवर जुने रबर काही धरत नाहीत, ओझ्यासकट उतरायचं असेल तर निदान पुढं डिस्क पाहिजेच, आणि ब्रेक दाबला की मोटर बंद होते ती कट-ऑफची लिव्हर दोन्ही हातांना.

लायसन्सचं म्हणाल तर मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल आणि नियमातल्या तपासणी संस्थेनं तसं प्रमाणित केलं असेल तर केंद्राच्या मोटार वाहन नियमात ती मोटार गाडी धरत नाहीत, लायसन्स-रजिस्ट्रेशन लागत नाही. ब्रेक आणि रिफ्लेक्टर मात्र नियमातच आहेत. हजार वॅटची लावलीत तर ही सूट गेली, मग पासिंग, नंबर, इन्शुरन्स सगळं आलं.