आशा धरतात, श्रद्धा ठेवतात

प्रश्न असा आहे: ‘मी या आजारातून बरा होईन अशी माझी श्रद्धा आहे’ हे वाक्य बरोबर आहे, की तिथे ‘आशा’ हवं? आणि आशा असेल, तर व्यवहारात श्रद्धेचा वेगळा उपयोग तो काय?

वाक्य व्याकरणात अडत नाही, पण कानाला खटकतं. ‘सत्य शेवटी टिकतं अशी माझी श्रद्धा आहे’ हे सहज बोललं जातं. ‘उद्या पाऊस पडेल अशी माझी श्रद्धा आहे’ असं मात्र कोणी म्हणत नाही. ठरावीक, पुढे घडायच्या गोष्टीसाठी मराठी माणूस ‘आशा’ म्हणतो किंवा जरा जोर असेल तर ‘विश्वास’. तेव्हा ‘बरा होईन अशी आशा आहे’ असंच लिहावं.

श्रद्धेला बहुधा ‘वर’ लागतो: विठ्ठलावर, गुरूंवर, कामावर. आशा घटनेची असते: पावसाची, निकालाची, कोणी परत येण्याची. क्रियापदं पाहिली की फरक आणखी उघड होतो. आशा आपण धरतो, ती पालवते, मावळते, पूर्ण होते. श्रद्धा बसते, जडते, डळमळते, उडते. ‘श्रद्धा पूर्ण झाली’ असं वाक्य ऐकलंय कधी? आशेला मुदत असते, निकाल लागला की तिचं काम संपतं. श्रद्धेला तशी तारीख नसते. आपण ती ‘ठेवतो’, आणि हे ठेवणं शब्दाच्या पोटातच आहे. श्रत् आणि धा मिळून श्रद्धा. धा म्हणजे ठेवणं, आणि श्रत् हा शब्द निघंटू या वैदिक शब्दसंग्रहाने सत्याच्या नावांत दिला आहे. लॅटिनमधलं ‘क्रेडो’ (‘मी विश्वास ठेवतो’) हे याच कुळातलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेला उद्देशून एक सबंध सूक्त आहे (१०.१५१). त्यात अग्नी श्रद्धेने पेटवला जातो आणि आहुतीही श्रद्धेनेच दिली जाते. म्हणजे तिथे श्रद्धा लागते ती काहीतरी करण्यासाठी.

आता उपयोगाचं. या प्रश्नात माझ्या मते एक गल्लत आहे. श्रद्धेचा उपयोग आपण आशेच्या मापाने मोजतो: देवावर श्रद्धा ठेवली तर आजार बरा होतो का, नोकरी लागते का? या व्यवहाराला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, नवस. नवस बोलतात आणि फेडतात, कर्जासारखा. तुकोबांनी त्यावर सरळ विचारलं होतं, ‘नवसे कन्यापुत्र होती । तरी का करणे लागे पती?’ देवावर आयुष्य ओवाळून टाकलेला माणूस हे विचारतो, याकडे लक्ष द्यावं. तुकोबांचा हल्ला श्रद्धेवर नाही, तिला मागणीच्या कामाला जुंपण्यावर आहे.

याच कारणासाठी ‘अंधश्रद्धा’ हा शब्द मला अपुरा वाटतो. त्याने केलेलं काम मोठं आहे. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. पण त्या कायद्याची अनुसूची वाचा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा तिथे गुन्हा आहे. तो मांत्रिक रुग्णाच्या घरच्यांना विकतो ती आशा. घाबरलेल्या माणसाला तिची जितकी गरज, तितकी तिची किंमत चढते. ‘अंधआशा’ असा शब्द आपल्याकडे नाही. आशेला आपण ‘वेडी’, ‘भाबडी’ अशी मायेची विशेषणं लावतो आणि दोष सगळा श्रद्धेच्या माथी जातो. वास्तविक जुनी म्हण आशेलाच धारेवर धरते: आशा सुटेना अन् देव भेटेना.

मग श्रद्धेचं स्वतःचं काम कोणतं? उलट अर्थाचे शब्द बघा. आशा गेलेला माणूस निराश होतो, हताश होतो, त्याचे हातपाय गळतात. श्रद्धा नसलेला माणूस अश्रद्ध, आणि अश्रद्ध माणूस मजेत, उमेदीने, अत्यंत सचोटीने जगू शकतो. म्हणजे जगायला आशा प्रत्येकाला लागते, श्रद्धा लागतेच असं नाही. हे भाषाच सांगते आणि ते मान्य करायला हवं.

पण आशा जिथे उरतच नाही तिथे काय करायचं, याचं उत्तर आशेकडे नाही. ‘श्राद्ध’ हा शब्द श्रद्धेवरून आला आहे. गेलेलं माणूस परत येईल अशी आशा त्या दिवशी कोणालाच नसते. तरी घरात स्वयंपाक होतो, पान वाढलं जातं, कावळ्याची वाट पाहिली जाते, नाव घेतलं जातं. विधीवर कोणाचा विश्वास असो वा नसो, दुःखाला करण्यासारखं काहीतरी काम मिळतं. मला हा अगदी रोकडा उपयोग वाटतो.

वारीचंही असंच. पेरणी आशेवर होते. पाऊस लांबला तर दुबार पेरणी करावी लागते आणि ती आशा वर्षभराच्या कर्जाएवढी महाग पडते. पण पीक बुडालं म्हणून वारकरी पुढच्या वर्षी माळ काढून ठेवत नाही. त्याच्या तोंडी असलेल्या अभंगात ‘आस’ आहे, ती कशाची? ‘पंढरीचा वारकरी । वारी चुको नेदी हरी’. मागणं एवढंच, की चालणं चुकू नये.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो सांगायलाच हवा. ख्रिस्ती मराठीत धर्मश्रद्धेसाठी ‘विश्वास’ रूढ आहे, आणि बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासाची व्याख्याच ‘आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा’ अशी येते. तिथे आशा आणि श्रद्धा एकमेकींना धरून आहेत. पण तो सगळा अध्याय पुढे माणसं काय वागली हेच सांगत जातो, आणि ज्याचं वचन मिळालं ते हाती न येताच ती गेली, असंही म्हणतो.

बाहेरून आलेल्या दोन शब्दांचं मराठीत काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. फारसीतली ‘उम्मीद’ म्हणजे आशा. आपल्याकडे ती ‘उमेद’ झाली आणि तिला जोम, हुरूप असा अर्थ चिकटला: उमेदीची वर्षं, उमेद खचली. (निवडणुकीतला उमेदवार मूळचा आशावंतच.) अरबी ‘ईमान’ म्हणजे ईश्वरावरची श्रद्धा. मराठीत ‘इमान’ म्हणजे दिल्या शब्दाला, खाल्ल्या मिठाला जागणं. नोकरी इमानेइतबारे करतात, कुत्रा इमानी असतो, आणि ‘बेइमान’ म्हटलं की तो माणूस देव मानतो की नाही हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.