तलाठ्याची वेतनश्रेणी २५५००-८११०० म्हणजे महिन्याला हातात नेमके किती येतात?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. बहिणीसाठी चोपड्याकडचं स्थळ आलंय, मुलगा नुकताच तलाठी लागलाय, जाहिरातीत २५५००-८११०० लिहिलेलं, मध्यस्थ म्हणतो ऐंशी हजार पगार आणि मुलाचा काका म्हणतो पंचवीस. दोघंही चूक. मी तालुक्याच्या ऑफिसात पगारबिलं करतो, आमच्याकडे लग्नसराई आली की "भाऊ, पगार कितला शे?" हे विचारणारे फोन ओळखीपाळखीतून येतच असतात, त्यामुळे जरा सविस्तरच सांगतो.

ते जे दोन आकडे असतात ना ते म्हणजे एका रकान्याचा पहिला आणि शेवटचा घर. सातव्या वेतन आयोगात एक मोठा तक्ता आहे, त्याला पे मॅट्रिक्स म्हणतात, आडवे स्तर एस-१, एस-२ असे आणि बहुतेक स्तरांखाली उभे ४० आकडे (अगदी वरच्या काही स्तरांत कमी). शिपाई एस-१ म्हणजे १५००० पासून, क्लार्क एस-६ म्हणजे १९९०० पासून, पोलीस शिपाई एस-७ ला २१७००, तलाठी एस-८, फौजदार म्हणजे पीएसआय एस-१४ ला ३८६००, डेप्युटी कलेक्टर एस-२० ला ५६१००. नवीन माणूस आपल्या स्तराच्या पहिल्या घरात बसतो आणि वर्षाला एक घर खाली सरकतो. आता ४० घरं म्हणजे ३९ वेतनवाढी, आणि रिटायरमेंट ५८ ला, म्हणजे पंचविशीत लागलेला तलाठी त्याच रकान्यात ८११०० पर्यंत पोचूच शकत नाही. तो आकडा जाहिरातीत छापायला आणि मध्यस्थाला सांगायलाच आहे असं समजा.

आता हिशोब. बेसिक २५५००. त्यावर महागाई भत्ता म्हणजे डीए, १ जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के धरला तर १४०२५. घरभाडं आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार सगळं झेड म्हणजे लहान शहर-गावांच्या वर्गात येतं म्हणून १० टक्के, २५५० (हाच मुलगा पुण्या-मुंबईत असता तर ३० टक्के, पण तिथलं भाडं बघता तो काही फायदा नाही). वाहतूक भत्ता हजार-दीड हजार. सगळं मिळून साधारण ४३ हजार ग्रॉस. त्यातून एनपीएसचे (नव्या पेन्शन योजनेचे) बेसिक अधिक डीए च्या १० टक्के म्हणजे ३९५० च्या आसपास जातात, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), गटविम्याचे थोडेफार. हातात ३९ हजाराच्या आजूबाजूला. सरकार आपल्याकडून एनपीएसमध्ये १४ टक्के टाकतं पण ते पैसे दिसत नाहीत, म्हातारपणीच कळणार. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना हेच, जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये अख्ख्या राज्यात संप झाला तो याचसाठी.

वेतनवाढ लोकांना फार मोठी वाटते, ३ टक्के म्हणजे ३ टक्केच, ती पण बेसिकवर. बहुतेकांना जुलैत मिळते, तलाठ्याचं २५५०० चं २६३०० होतं, ८०० रुपये, त्यावरचे भत्ते धरून तेराशेच्या आसपास. खरी वाढ डीए मध्ये असते, पण टक्का सगळ्यांना सारखा असला तरी रुपये सारखे नसतात. शिपायाला त्याच ५५ टक्क्याचे ८२५० आणि डेप्युटी कलेक्टरला ३०८५५. म्हणून डीएची बातमी आली की साहेब लोक गप्प असतात आणि नाचतो शिपाई, उलटं असायला पाहिजे होतं खरं तर.

प्रमोशन नाही मिळालं तरी १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेत वरचा स्तर मिळतो, पण त्याने पगार दुप्पट होतो असं काही नाही. आधी जुन्याच रकान्यात एक वेतनवाढ देतात आणि मग नव्या रकान्यात तेवढाच किंवा त्याच्या लगेच पुढचा आकडा बघून बसवतात. तात्पुरता फायदा थोडाच दिसतो, पुढे रकाना मोठा मिळतो एवढंच.

एक गोष्ट मात्र फक्त आपल्याकडच्या लोकांनी नीट विचारावी. मुलगा धडगाव, अक्कलकुव्याकडे आदिवासी भागात असेल तर तिथे असेपर्यंत एकस्तर वेतनश्रेणी मिळते, म्हणजे वरच्या पदाचा पगार, शिवाय प्रोत्साहन भत्ता बेसिकच्या १५ टक्के पण जास्तीत जास्त १५०० रुपये. तिथून खाली शहाद्याच्या सपाटीला बदली झाली की एकस्तर काढून परत मूळ श्रेणीवर आणतात. बदलीनंतर बेसिक कमी झालेलं बघून भडकलेले लोक मी स्वतः समोर बसून ऐकून घेतलेत, आणि वेळेवर कमी केलं नाही तर नंतर वसुली लागते ती वेगळीच. तेव्हा तिकडच्या पोरानं दाखवलेली स्लिप पाच वर्षांनी तशीच राहील असं धरू नका.

शिक्षकाचं स्थळ आलं तर आणखी वेगळं. झेडपीच्या प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-१०, २९२०० पासून, तलाठ्यापेक्षा वरची, पण पहिली ३ वर्षं शिक्षण सेवक म्हणून नुसतं १६००० मानधन, त्याला डीए नाही घरभाडं नाही. (२०२३ च्या आधी तर ६००० होते, त्यात लोकांनी लग्नं केली, पोरं पण झाली.) म्हणजे "मास्तर लागला" म्हणून साखरपुडा उरकणाऱ्यांनी नेमणुकीची तारीख आधी बघावी.

आठव्या आयोगाची घोषणा केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये केली म्हणून मुलाकडचे आता तेही जोडून सांगतील. राज्यात सातवा आयोग २०१६ पासून लागू झाला पण पगारात आला २०१९ ला, आणि फरकाचे पाच हप्ते पाडले. तेव्हा आठव्याचा पैसा हिशोबात धरून लग्नाचं बजेट करू नका.

बाकी तोंडी आकड्यावर जाऊ नका, सेवार्थची (सरकारी पगारबिलाच्या ऑनलाइन प्रणालीची) पगार स्लिप मागा, नवीन नोकरीवाला पोरगा आनंदाने दाखवतो. डाव्या बाजूला बेसिक बघा, त्यावरून स्तर कळतो, आणि उजवीकडे कपातीत सोसायटीचा हप्ता आहे का ते बघा. नोकरी लागून वर्ष झालं की आपल्याकडे ग.स. (सरकारी नोकरांची पतसंस्था) चं कर्ज काढून गाडी घेतात, मग ३९ हजारातले हातात किती उरतात ते ग्रॉसवरून कधीच कळत नाही. स्लिप मिळाली तर नाव खोडून इथे टाका, बघून सांगतो.